जालीला कुणी विचारलं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचं गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथली जुन्या वस्तीची पांढर खणली. विटांच्या स्तूपाचा पाया उघडा पडला, भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या. वस्ती मौर्य-सातवाहन काळातली. अजिंठ्याच्या डोंगरात वाकाटकांचे चित्रकार पोहोचले, त्याच्या कितीतरी शतकं आधी पूर्णेकाठी धम्म नांदत होता. याच नदीवर खाली नांदुरा तालुक्यात जिगावचं धरण होतंय आणि ही पांढर त्याच्या बुडीत क्षेत्रात येते. तीसच्या वर गावं धरणामुळे बाधित होणार आहेत. नव्वदच्या दशकात प्रकल्पाचा अंदाज चारशे कोटींच्या आत होता, आज तो दहा हजार कोटींच्या पलीकडे गेलाय.

खाली दिलेला वाद या पट्ट्यातल्या एका घरच्या ओसरीवरचा. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. भाची खामगावला वकिली करते. तिच्याकडे जास्त करून भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे दावे. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, गावच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. वाचन संपलं की मामा आपली एक जातककथा सांगतात. दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेल्या ‘सिद्धार्थ जातका’चे खंड त्यांच्याकडे आहेत, पुठ्ठे लावून शिवलेले. तरुण मंडळींना हे फारसं पटत नाही. बाबासाहेबांनी जन्मजन्मांतराच्या गोष्टी बाजूला सारल्या, मग या मागच्या दाराने आत कशाला, असा त्यांचा सवाल. मामांचं उत्तर ठरलेलं असतं : पोरं ग्रंथाला झोपतात आणि कथेला उठतात.

त्या दिवशी कथा होती वेस्संतराची.

भाची : मामा, पहिल्या रांगेत सात-आठ वर्षांची लेकरं बसली होती. त्यांना तुम्ही सांगितलं, की एका बापानं स्वतःची पोरं मागणाऱ्याला देऊन टाकली आणि तो पुढे बुद्ध झाला. ती लेकरं घरी जाऊन काय विचार करतील?

मामा : कथा तशीच आहे माय. पाली संग्रहात पाचशे सत्तेचाळीस जातकं, त्यातलं हे शेवटचं आणि सर्वांत मोठं. दानाची पारमिता इथे पूर्ण होते. मी काय पोरांसाठी वेगळा वेस्संतर करू? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिंतच्या भिंत दिलीय त्याला.

भाची : भिंत दिली म्हणून बरोबर ठरलं?

मामा : सुरुवात ध्यानात घे आधी. कथा सुरू होते पाण्यापासून. शिबींच्या राज्यात एक पांढरा हत्ती होता; तो असेल तिथे पाऊस. तिकडे कलिंगात दुष्काळ. तिथले ब्राह्मण आले, हत्ती मागितला, यानं देऊन टाकला. शिबीची जनता खवळली, राज्याचा पाऊस परक्याला देतो म्हणून. त्याला वनात धाडलं. आता खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं काय?

(लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत बोअरचं पाणी पिऊन किडन्या गेल्याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात. गोड पाणी कुणाकडे आहे आणि ते कुणाला द्यायचं, हा इथे रोजचा प्रश्न.)

भाची : हत्तीपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. दुष्काळी मुलखाला पाऊस दिला, चांगलं केलं. पण पुढे वनात जूजक येतो आणि जाली-कण्हाजिना ही पोरं मागतो. त्या वेळी मद्दी कुठे असते? कंदमुळं आणायला रानात गेलेली. आईच्या पाठीमागे पोरं दिली जातात. ती घरी परतू नये म्हणून देव वाघ-सिंह होऊन तिची वाट अडवतात. आमच्याकडे बाईला ग्रामसभेचा निरोप मिळत नाही, तसंच झालं हे. पोरं घाबरून तळ्यात लपतात, कमळाच्या पानाखाली. बाप हाका मारून बाहेर काढतो आणि देतो. आणि पुढचं कलम तर माझ्या धंद्यातलं आहे.

मामा : कोणता?

भाची : मोबदला! पोरं सोडवायची तर किती द्यायचं, हे बाप स्वतः ठरवून देतो. जालीसाठी हजार निष्क सोनं. कण्हाजिनेसाठी शंभर दास, शंभर दासी, शंभर हत्ती, घोडे, बैल आणि वर शंभर निष्क. मी इतके निवाडे वाचले, पण ज्यानं घेऊ दिलं त्यानंच दर लावलेला निवाडा हा एकच.

मामा : दर एवढा लावला तो कुणा हलक्या माणसाच्या हाती पोरं पडू नयेत म्हणून. राजाशिवाय कुणाला परवडणार? शेवटी आजोबाच सोडवतो त्यांना. हा सगळा विचार त्यानं केलेला आहे.

भाची : आजोबा राजा होता म्हणून. ज्याचा आजोबा राजा नाही, त्या जालीचं काय?

मामा थोडे हसले. पण त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि मला वाटतं, त्या संध्याकाळचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांचाच होता.

मामा : तुझा हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. ग्रीक राजा मिलिंद नागसेनाला हेच विचारतो. पोरं रडत होती, बांधून नेली, पुण्य कमवायचं असेल तर माणसानं स्वतःला द्यावं, दुसऱ्याला दुःख देऊन कसलं पुण्य? नागसेन चिडत नाही. तो म्हणतो, समजा कुणी एका आजारी, पंगू माणसाला बैलगाडीत घालून जिथे जायचं तिथे पोचवलं. बैलांना त्रास झालाच. म्हणून ते काम वाईट ठरलं का? राजा धर्मानं कर गोळा करतो आणि त्यातून दान देतो, तेही वाईट का?

भाची : म्हणजे जाली-कण्हाजिना बैल? नागसेन आज असते तर सरकारी वकील झाले असते. ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द मी रोज ऐकते, ते यापेक्षा वेगळे नसतात.

मामा : हसण्यावारी नेऊ नको. गाडीत झोपलेला आजारी माणूस खरा आहे की नाही, ते सांग. वरवट बकालकडे जा. डायलिसिससाठी अकोल्याला जाणारी माणसं दाखवतो. त्यांना गोड पाणी पाहिजे. नदीला बांध घातल्याशिवाय ते कुठून येणार? आणि बांध घातला की कुणाचं तरी शेत बुडणार. एकही बैल थकू नये अशी गाडी तुझ्या कायद्यात आहे काय?

भाची काही वेळ बोलली नाही. ओसरीसमोरच्या रस्त्याने सोयाबीनच्या फवारणीचे पंप लावलेली पोरं जात होती, त्यांच्याकडे बघत राहिली.

भाची : धरण नको असं मी कधी म्हटलं नाही. माझे पक्षकारही म्हणत नाहीत. ते म्हणतात, जमिनीचा भाव नीट द्या, नव्या गावठाणात आधी पाणी-रस्ता करा, मग उठतो. माझी अडचण दुसरी आहे. भूमिपूजनाला भाषण होतं, तेव्हा तोच शेतकरी त्यागमूर्ती असतो. त्याच्यामुळे जिल्हा हिरवा होणार असतो. नंतर तो वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात उभा राहिला, की समोरून सांगतात जमीन जिरायती होती, विहीर सातबाऱ्यावर चढलेलीच नव्हती. त्याला थोर म्हटलं की त्याचं देणं कमी होतं. तुमच्या कथांचा हा उपयोग होतो, म्हणून मला त्यांची भीती वाटते.

मामा : उपयोग कोण काय करतो, त्याचा दोष कथेला कशाला? जातकात देणारा कोण असतो, ते तू पाहिलंच नाही. महाकपि वानरांचा राजा आहे. बाण घेऊन राजाची माणसं आली, तेव्हा वेत कमरेला बांधून तो नदीवर आडवा होतो आणि ऐंशी हजार वानरं त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात. ऐंशी हजार प्रजेला पूल करून स्वतः पलीकडे गेला नाही तो! षड्दंत हत्ती कळपाचा राजा, आपले सुळे स्वतः कापू देतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहे तो, ख्रिस्ताच्या आधीचं चित्र. मोठ्यानं द्यावं, ही जातकांची रीत आहे. लहानाकडून मागावं ही भाषणवाल्यांची रीत.

भाची : ससा तर लहानच होता.

मामा : सशाचंच सांगतो. भुकेल्या ब्राह्मणाला द्यायला त्याच्याकडे गवतापलीकडे काही नाही, म्हणून तो आगीत उडी घ्यायला निघतो. पण उडी मारायच्या आधी काय करतो? अंग तीनदा झाडतो. केसात बारीक जीव असतील, ते आपल्यासोबत भाजू नयेत. मग उडी. आणि आग त्याला जाळत नाही. चंद्रावरचा ससा तो हाच.

भाची : मामा, हे तुम्ही माझ्या बाजूनं बोललात.

मामा : कसं काय?

भाची : स्वतःचं शरीर द्यायला निघालेला ससा पिसवांनासुद्धा आपल्या दानात ओढत नाही. आणि सर्वांत मोठा दानी म्हणवणारा राजपुत्र लेकरं देतो. एकाच ग्रंथात दोन्ही आहे. तुम्ही मोठ्या भिंतीकडे बघता, मी सशाकडे.

इथे मला मध्येच एक सांगायचंय. सतराव्या लेण्याची ती मोठी भिंत एकदा तरी सावकाश पाहावी. चित्रकाराने जूजकाला बोकडदाढी आणि ओंगळ दात दिलेत. घेणाऱ्याविषयी त्याचं मन स्वच्छ नव्हतं, हे उघड आहे. लेणं करवणारा होता वाकाटक हरिषेणाचा एक मांडलिक. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम. शिलालेख सांगतो, की त्या मांडलिकाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला आणि त्या दुःखातून त्याचं दानधर्माकडे मन वळलं. जिवलग माणूस हातातून गेलेल्याने वेस्संतराची कथा भिंतीवर घेतली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पैसा कुठल्या गावच्या शेतसाऱ्यातून आला, हे अर्थात शिलालेख कशाला सांगेल?

भाची : आणखी एक. वाघिणीची कथा तुम्ही मागच्या पंधरवड्यात सांगितली.

मामा : व्याघ्री. ती पालीत नाही, आर्यशूराच्या ‘जातकमाले’त आहे, पहिलीच. भुकेनं वेडी झालेली वाघीण आपलीच पिल्लं खायला निघते. तपस्वी शिष्याला काहीतरी खायला शोधायला पाठवतो आणि तो गेल्यावर स्वतः कड्यावरून अंग टाकतो. शिष्याला आधी दूर केलं, बघ. इथेही एकट्याचंच.

भाची : आणि आपल्याकडे? टिपेश्वरचा तो वाघ २०१९ साली तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा सगळ्या देशानं कौतुक केलं. मीही केलं. पण त्याच जिल्ह्यात अंबाबारवातली आदिवासी गावं वाघासाठी उठवली गेली. तपस्व्यानं वाघिणीला आपलं अंग दिलं. आपण वाघाला दुसऱ्याचं गाव देतो.

मामा : त्यातले काही स्वतःहून बाहेर आले. दवाखाना, शाळा, रस्ता पाहिजे होता त्यांना.

भाची : आले असतील. त्यांना विचारलं गेलं असेल, तर माझं काही म्हणणं नाही.

मामा : तुझी सगळी तक्रार विचारण्यावर येऊन थांबते.

भाची : तिथेच थांबते. आणि एक भीती वेगळी आहे, ती बोलू का नको, कळत नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या सहा जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. का होता, ते सगळ्यांना माहीत आहे. अशा जिल्ह्यात देह टाकण्याचं कौतुक पोरांसमोर करायचं? कुणी जीव दिला की दुसऱ्या दिवशी ‘बलिदान’ म्हणून फलक लागतात.

मामांचा आवाज इथे पहिल्यांदा चढला.

मामा : ते दोन्ही एका दाव्याला बांधू नको. ससा उडी घेतो तेव्हा त्याच्या मागे सावकार नसतो. ज्याला जगायचं होतं आणि जगू दिलं नाही, त्याच्या मरणाला त्याग म्हणणं म्हणजे ज्यांनी त्याला तिथवर आणलं त्यांना मोकळं सोडणं. मी अशा घरी गेलो आहे. तिथे मी जातक सांगितलं नाही. बाईला बँकेचं पासबुक शोधून दिलं, सातबारा काढून दिला, मदतीच्या अर्जावर तिच्या पोरानं सही केली तेव्हा शेजारी बसलो. फलक लावणाऱ्यांशी भांडलोही.

भाची : मग आपलं भांडण कशावर आहे?

मामा : तू त्यागच नको म्हणतेस यावर.

भाची : नाही म्हणत. आज विहारात कथेच्या आधी ग्रंथातला कुठला भाग वाचला, आठवा. रोहिणी नदीचा.

मामा गप्प झाले. त्यांच्या ध्यानात आलं होतं. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदी; तिच्या पाण्यावरून दोघांचं वैर. ही गोष्ट जुनीच आहे. कुणाल जातकाच्या प्रास्ताविकात एकाच बंधाऱ्याच्या पाण्यावर दोघांची पिकं उभी असतात, जेठ महिन्यात पाणी आटतं आणि मजुरांची शिवीगाळ राजांच्या तलवारीपर्यंत जाते. धर्मानंद कोसंब्यांनी ‘भगवान बुद्ध’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध या कलहाशी जोडला. बाबासाहेबांच्या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून रात्री निघून गेलेला राजपुत्र नाही. तिथे सिद्धार्थ शाक्य संघात युद्धाला विरोध करतो आणि मतदानात हरतो.

भाची : हरल्यावर सेनापती त्याला काय धमकी देतो? तुझ्या घरावर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू. भूसंपादनच ते. आणि सिद्धार्थ काय म्हणतो? शिक्षा मला एकट्याला द्या, घरच्यांची जमीन घेऊ नका, त्यांना यात ओढू नका. देश सोडायचा तोच मार्ग निवडतो. घरी येऊन आईबापाला आणि यशोधरेला सांगतो, तिची संमती मिळाल्यावर निघतो. चोरून नाही. मद्दी रानात गेलेली असताना नाही. माझ्या मते बाबासाहेबांनी इथे वेस्संतराला उत्तर दिलंय.

मामा : त्यांनी वेस्संतराचं नाव घेतलेलं नाही.

भाची : नसेल घेतलं. पण बापाच्या सत्त्वापायी घरच्यांची किंमत मोजायची नाही, हे त्यांनी रचनेतच घातलं.

मामा : तू म्हणतेस ते खोटं नाही. पण त्यात त्याग शिल्लक राहिला, हे तूही मान. घर सुटलंच, पोर सुटलंच. राहुलला तरी कुठे विचारलं?

ही चपराक बरोबर बसली. राहुल तेव्हा तान्हा होता, त्याला विचारणार कसं, असं भाची म्हणाली खरी, पण जोर नव्हता. माझ्यापुरतं सांगायचं तर या ठिकाणी मला भाचीची बाजू पटते, तरी मामांचा प्रश्न सोडवता येत नाही. माणूस कितीही एकट्याने द्यायला निघाला, तरी त्याच्या आजूबाजूची माणसं त्याच्यासोबत काहीतरी गमावतातच. फरक असेल तो एवढाच, की सिद्धार्थाला त्याची जाणीव होती आणि त्याने ते कमी करण्याची खटपट केली. वेस्संतराने कमी करायची नाही, पूर्ण करायची खटपट केली.

मामा : बरं, पुढच्या वेळी काय सांगू? तूच ठरव.

भाची : निग्रोध.

मामा : वडाखालचा हरिण? का बरं?

भाची : कारण त्यात वकिली आहे. राजाला रोज मांस पाहिजे म्हणून दोन कळपांनी आपसात पाळी लावलेली. सगळ्यांना मान्य असलेली, नियमानं चाललेली पद्धत. दुसऱ्या कळपातल्या गाभण हरिणीची पाळी येते, ती म्हणते पिल्लू होऊ दे, मग येते. तिचा पुढारी म्हणतो, पाळी म्हणजे पाळी. निग्रोध काही भाषण करत नाही, जाऊन ठोकळ्यावर स्वतःची मान ठेवतो. इथपर्यंत बाकीच्या कथांसारखंच. पण राजा म्हणतो, तुला सोडलं, हिलाही सोडलं, तेव्हा हा उठून घरी जात नाही. विचारतो, दोघं सुटलो, बाकीच्यांचं काय? बागेतली सगळी हरणं सोडतो राजा. मग बाहेरची? तीही. चार पायांची इतर जनावरं? पक्षी? पाण्यातले मासे? एकेक मागणी वाढवत नेतो. मान ठेवली ती पाळीच बंद करण्यासाठी. माझ्या कुठल्याही पक्षकाराला असा पुढारी मिळालेला नाही.

मामा : आणि त्याच्या पुढचं तुला आठवतं का? लोक नेहमी गाळतात ते.

भाची : पिकाचं?

मामा : हो. हरणांना अभय मिळालं आणि ती शेतात घुसली. मारता तर येत नाही. शेतकरी राजाकडे ओरडत गेले. राजा म्हणाला, शब्द दिला तो दिला. तेव्हा निग्रोधानं आपल्या कळपाला बजावलं, की कुणाच्या पिकाला तोंड लावायचं नाही. आणि शेतकऱ्यांना निरोप दिला, कुंपण घालू नका, शेताच्या कडेला पानं बांधून खूण करा. त्याच्या त्यागाचा खर्च शेतकऱ्यावर पडत होता, हे त्याला दिसलं. तो त्यानं उचलला.

भाची : पोरांना हे सांगा. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याची पोरं आहेत ती. लगेच विचारतील, पानं बांधून रोही थांबतात, तर आमच्या घरी झटका मशीन कशाला आणली?

मामा : मीही हरभऱ्याला बसवलीय. काय सांगू त्यांना?

भाची : खरं सांगा. कळपात निग्रोध नाही म्हणून.

मामा : मग ये तू त्या दिवशी. पोरांनी विचारलं की तुझ्याकडे बोट दाखवतो.

भाची : रविवारी ठेवा. कोर्ट नसतं.